आवारातले उपकेंद्र

विद्यापीठासाठी नवे विद्युत उपकेंद्र आखताना पहिला प्रश्न यंत्रांचा नसतो, अंदाजाचा असतो. मोठा ट्रान्सफॉर्मर नीट राखला तर पंचवीस-तीस वर्षे चालतो. प्रयोगशाळेचा प्रकल्प मात्र तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि तो संपल्यावर तिथे काय येईल हे प्राध्यापकालाही सांगता येत नाही. तरी त्या न आलेल्या यंत्राची वीज आजच ठरवावी लागते, कारण तारा, केबल, जागा आणि सरकारी परवानग्या या गोष्टी चार महिन्यांत उभ्या राहत नाहीत.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरमला लागून असलेली भारतीय विज्ञान संस्था हे अशा आवाराचे उत्तम उदाहरण आहे. जुने बेंगळुरूकर तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. संस्थेची कल्पना जमशेटजी टाटांची. म्हैसूर संस्थानाने तिला ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्था कायदेशीररीत्या स्थापन झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. सुरुवातीच्या मोजक्या विभागांत विद्युत तंत्रज्ञानाचा विभाग होता, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोचली होती आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते. टाटांची दुसरी योजना होती लोणावळ्याच्या पाण्यावर मुंबईसाठी वीज काढण्याची. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. संस्था आणि हे वीजघर, दोन्ही उभे राहिलेले पाहायला टाटा हयात नव्हते. १९०४ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

सुरुवातीला अशा आवाराला लागणारी वीज म्हणजे दिवे, थोडे पंखे, कार्यशाळेतल्या मोटारी आणि प्रयोगाची टेबले. आज त्याच जमिनीवर काय काय आहे ते पाहिले, की आखणीकाराची अडचण कळते. नॅनोविज्ञान केंद्रातल्या धूळमुक्त खोल्यांची हवा रात्रंदिवस गाळावी आणि थंड ठेवावी लागते. २०२२ मध्ये सुरू झालेला ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘परम प्रवेग’ हा महासंगणक पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या सहकार्याने उभा राहिला. वारा-बोगदे आहेत, उच्चदाब प्रयोगशाळा आहे, वसतिगृहे आहेत, कर्मचाऱ्यांची घरे आहेत. त्यात २०२२ मध्ये ८३२ खाटांच्या रुग्णालयाची घोषणा झाली. विज्ञान संस्थेच्या आवारात रुग्णालय येईल, हे तीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही वीज-आराखड्यात असणे शक्य नव्हते.

उपकेंद्राचे मूळ काम सोपे आहे: उच्च दाबाने आलेली वीज घ्यायची, तिचा दाब उतरवायचा आणि ती अनेक वाटांनी सुरक्षितपणे वाटायची. दाब उच्च का ठेवायचा, हे एका हिशेबात दिसते. समजा, आवाराची मागणी १२ एमव्हीए आहे. तेवढी वीज ६६ केव्ही दाबाने आणली तर तारेतून सुमारे १०५ अँपिअर प्रवाह जातो. ११ केव्हीवर तोच प्रवाह ६३० अँपिअर होतो आणि इमारतींत वापरायच्या ४१५ व्होल्टवर जवळजवळ १६,७०० अँपिअर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एकाच जाडीच्या तारेत ६६ ऐवजी ११ केव्हीने वीज आणली तर नुकसान सहापट नव्हे, छत्तीसपट होते. बेंगळुरूत शहरभर ६६ केव्हीचे जाळे आहे. महाराष्ट्रातला वाचक त्या जागी ३३ किंवा पुण्याकडचे २२ केव्ही डोळ्यांपुढे आणू शकतो. कर्नाटकात ६६ केव्ही आणि त्यावरचे पारेषण केपीटीसीएलकडे असते आणि शहरातले वितरण बेस्कॉमकडे. आपल्याकडच्या महापारेषण आणि महावितरणसारखीच ही वाटणी आहे. आवाराची मागणी काही एमव्हीएच्या पुढे गेली, की ११ केव्हीचे दोन-चार फीडर ओढून भागत नाही आणि आवारात स्वतःचे ६६/११ केव्ही उपकेंद्र हवे, हा विचार सुरू होतो.

आता मागणी काढायची कशी? नवखा माणूस सगळ्या यंत्रांच्या पाट्यांवरचे आकडे बेरीज करतो. ती बेरीज म्हणजे जोडलेला भार, आणि तो प्रत्यक्ष मागणीच्या दुप्पट-तिप्पटही भरू शकतो. प्रयोगशाळेतली भट्टी आठवड्यातून एकदा पेटते. व्याख्यानगृहाचा प्रोजेक्टर व्याख्यान असेल तेव्हाच लागतो. म्हणून प्रत्येक इमारतीची एका वेळची कमाल मागणी मोजावी लागते. त्यासाठी इमारतीच्या मुख्य पॅनेलवर नोंद ठेवणारे मीटर लावून एप्रिल-मे धरून निदान वर्षभराचे आकडे घेणे हा खरा मार्ग. बेंगळुरूची हवा पूर्वी पंख्यावर भागणारी होती. आता उन्हाळ्यातल्या दुपारी वातानुकूलन यंत्रांचा भार ठळक दिसतो आणि फेब्रुवारीतल्या नोंदीवरून आखलेले उपकेंद्र एप्रिलमध्ये तापते.

पुढची पायरी अधिक मजेची आहे. सगळ्या इमारतींची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही. प्रयोगशाळा दुपारी दोन-तीनला जोरात असतात, वसतिगृहे रात्री आठनंतर जागी होतात, पाण्याचे पंप पहाटे चालतात, महासंगणक सदासर्वकाळ सारखाच वीज खातो. एका काल्पनिक आवाराचा हिशेब असा मांडता येईल: प्रयोगशाळा ५ मेगावॉट, वसतिगृहे ३, रुग्णालय ३, संगणक केंद्र दीड, घरे दीड, कार्यालये व ग्रंथालय १, पंप आणि रस्त्यांवरचे दिवे अर्धा. बेरीज साडेपंधरा मेगावॉट. पण वेगवेगळ्या वेळांमुळे प्रत्यक्ष शिखर साडेअकराच्या आसपास येते. बेरजेचे या शिखराशी असलेले हे प्रमाण, इथे १.३५, विविधता गुणक म्हणून ओळखले जाते. मोटारी आणि इतर उपकरणांमुळे घसरणारा पॉवर फॅक्टर कपॅसिटर बसवून ०.९५ पर्यंत आणला, तर साडेअकरा मेगावॉटसाठी सुमारे १२ एमव्हीए लागतात. मागणी दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर पंधरा वर्षांत ती १.८ पट, म्हणजे २२ एमव्हीएच्या घरात जाते.

या चार टक्क्यांवरच बैठकीत खरा वाद होतो, आणि व्हायलाही हवा. एलईडी दिवे, चांगल्या मोटारी यांनी जुन्या इमारतींची मागणी उतरते. दुसरीकडे एक नवे संगणक केंद्र एका झटक्यात दीड-दोन मेगावॉटची भर घालते. विद्यापीठाची वाढ गुळगुळीत रेषेत होत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी होते. त्यामुळे दरवर्षीच्या टक्क्यापेक्षा ‘पुढच्या दहा वर्षांत कोणत्या तीन मोठ्या इमारती येणार’ ही यादी अधिक कामाची ठरते. ती यादी विद्युत विभागाला कोणी वेळेवर देत नाही, ही जवळजवळ प्रत्येक संस्थेची रड आहे. अंदाज फार फुगवणेही महाग पडते. वीज कंपनीशी जेवढ्या मागणीचा करार होतो, तिच्या ठरावीक हिश्श्याचे पैसे ती वापरली नाही तरी भरावे लागतात. आणि कराराच्या वर मागणी गेली तर दंडाचा दर लागतो. मीटर ही मागणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीने नोंदवतो. म्हणजे एखाद्या दुपारी सगळे चिलर एकदम सुरू झाले, तर त्या पाव तासाचे पडसाद महिन्याच्या बिलात दिसतात. यावर व्यवहारातला तोडगा असा: बांधकाम भविष्याचे करावे, करार आजच्या गरजेचा करावा आणि गरजेप्रमाणे लोड वाढवून घ्यावा.

ट्रान्सफॉर्मर किती आणि केवढे, हे आता ठरवता येते. एकच मोठा घेतला तर स्वस्त पडतो, पण तो बंद पडला की सगळे आवार अंधारात. म्हणून नियम असा, की एक घटक निकामी झाला तरी काम चालले पाहिजे. वरच्या उदाहरणात २० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर घेतले, तर आज एकटा एक सगळा भार पेलतो. पंधरा वर्षांनी एक बंद पडल्यास दुसऱ्यावर थोडा ताण येईल, वसतिगृहांचे गिझर तासभर थांबवावे लागतील, इतकेच. पंखे लावून तेल थंड ठेवले तर तोच ट्रान्सफॉर्मर अधिक भार घेतो. मात्र तापमानाशी खेळ नको. ट्रान्सफॉर्मरच्या आतला कागदी इन्सुलेशनचा थर ठरलेल्या मर्यादेपेक्षा सहा-सात अंश जास्त तापत राहिला तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी पाया, केबलचा चर आणि रिकामा बे, म्हणजे जोडणीसाठी राखलेली जागा, आजच ठेवला, तर पुढची मोठी उडी सोसता येते. कागदावर हा बे उधळपट्टीसारखा दिसतो. प्रत्यक्षात सगळ्या खर्चात हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

दोन ट्रान्सफॉर्मर असले तरी ते ११ केव्ही बाजूला कायम जोडून ठेवत नाहीत. कारण शॉर्टसर्किट. २० एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १,०५० अँपिअर असतो. त्याचा अंतर्गत अडथळा १० टक्के असेल, तर पलीकडे शॉर्टसर्किट झाल्यावर प्रवाह दहापट, म्हणजे साडेदहा हजार अँपिअरपर्यंत जातो. दोन्ही जोडलेले असले तर तो एकवीस हजारांवर पोचतो. ११ केव्हीचे ब्रेकर साधारण २५ हजार अँपिअर तोडू शकतील असे घेतात. म्हणजे निभाव लागेल, पण मोकळीक उरणार नाही. म्हणून बसबारचे, म्हणजे सगळे फीडर जिथून निघतात त्या जाड पट्ट्यांचे, दोन भाग करून मधला जोड उघडा ठेवतात आणि एक बाजू गेली तरच तो बंद करतात. नेमकी केव्हा कोणती कळ दाबायची, हे ऑपरेटरच्या आठवणीवर न सोडता इंटरलॉकने बांधून टाकणे बरे.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्यात अभियंत्याखेरीज सगळ्यांनाच मत असते. विजेच्या दृष्टीने उपकेंद्र भाराच्या मध्यावर हवे, म्हणजे ११ केव्हीच्या केबल आखूड राहतात. रस्त्याच्या दृष्टीने ते कुंपणाला लागून हवे, कारण बाहेरून ६६ केव्हीची केबल यायची असते आणि पन्नास टनांच्या घरातला ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून आत यायचा असतो. वळणावर ट्रेलर फिरतो का, जुना पूल तो पेलतो का, हे न पाहिल्याने उशिरा अडकलेली कामे कमी नाहीत. संशोधकांच्या दृष्टीने उपकेंद्र जितके लांब तितके चांगले. मोठ्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र त्याने थरथरते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला शंभर वेळा आकुंचन-प्रसरण पावतो, त्यातून ती ओळखीची घरघर येते. वसतिगृहाच्या खिडकीखाली ती नको आणि सूक्ष्म कंपन मोजणाऱ्या प्रयोगाशेजारी तर मुळीच नको.

मल्लेश्वरमच्या परिसरात आणखी एक पक्ष असतो, झाडांचा. संस्थेच्या आतल्या रस्त्यांची नावेच गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग अशी आहेत. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कायदा नसता तरी आवारातली मंडळी गप्प बसली नसती. त्यामुळे केबलचा मार्ग मुळांपासून दूर, आतल्या रस्त्याच्या कडेने घेणे हे वेळ वाचवणारे गणित ठरते. सबंध मैदान लागणाऱ्या उघड्या उपकेंद्राऐवजी गॅसबंद उपकेंद्राचा पर्याय इथे पुढे येतो. त्यात ६६ केव्हीचे सगळे भाग धातूच्या बंद नळ्यांत, दाबाखाली भरलेल्या एसएफ६ वायूत बसवलेले असतात. उघड्या मांडणीपेक्षा त्याला कितीतरी कमी जागा लागते, धूळ-पाऊस-पक्षी यांचा त्रास नसतो आणि ते साध्या इमारतीत मावते. किंमत जास्त, आणि एक गंभीर दोष: एसएफ६ हा हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेवीस हजार पट जबर वायू आहे. गळती मोजणे आणि वायू परत काढून घेण्याची व्यवस्था यांशिवाय तो वापरणे बेजबाबदारपणाचे. ११ केव्हीच्या बाजूला निर्वात ब्रेकर सर्रास मिळतात, तिथे या वायूची गरज नाही.

ट्रान्सफॉर्मरमधले तेल हा दुसरा धोका. दोन हजार लिटरपेक्षा जास्त तेल असेल तर खाली तेल शोषणारा खड्डा आणि शेजारच्या यंत्रापासून वेगळी करणारी, चार तास आग सोसणारी भिंत सुरक्षेच्या नियमांत सांगितली आहे. रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या इमारतीत बसवायचे छोटे ट्रान्सफॉर्मर त्यामुळेच तेलाऐवजी कोरड्या प्रकारचे घेतात.

उपकेंद्रात गेलेल्या कोणालाही पायाखालची खडी दिसते. ती चिखल टाळण्यासाठी घातली आहे असा बहुतेकांचा समज असतो. तिचे खरे काम जीव वाचवण्याचे आहे. जमिनीत शॉर्टसर्किटचा प्रवाह उतरला, की जमिनीवरच दोन पावलांमध्ये विजेच्या दाबाचा फरक तयार होतो. उभ्या माणसाचा एक हात यंत्राच्या खांबाला लागलेला असेल तर फरक आणखी वाढतो. कोरड्या खडीचा थर पायांतून जाणाऱ्या प्रवाहाला मोठा अडथळा करतो. त्याखाली सुमारे अर्धा मीटर खोल लोखंडी पट्ट्यांची जाळी पुरलेली असते, प्रत्येक यंत्र तिला दोन ठिकाणी जोडलेले असते. जाळी किती दाट हवी, हे मातीवर ठरते. बेंगळुरूची लाल माती पावसाळ्यात प्रवाह बरा वाहून नेते, पण तिच्याखाली कठीण खडक आहे आणि उन्हाळ्यात माती सुकली की रोध चढतो. म्हणून मातीचा रोध चार खुंट्या ठोकून मोजायचा तो एप्रिलमध्ये. पावसाळ्यात मोजलेला आकडा सुखावणारा असतो, पण तो फसवतो.

उपकेंद्रापासून पुढे ११ केव्हीच्या केबल आवारात वर्तुळाकार फिरवतात. वाटेत इमारतींच्या प्रत्येक गटाजवळ रिंग मेन युनिट ही जोड-तोड करणारी पेटी आणि ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. वर्तुळ एका जागी उघडे ठेवलेले असते. खोदकामात कुठे केबल तुटली, तर तुटलेला तुकडा दोन्ही बाजूंनी वेगळा करून उरलेल्या सर्वांना दुसऱ्या बाजूने वीज देता येते. रुग्णालय आणि महासंगणकासाठी मात्र स्वतंत्र फीडर हवेत आणि ते दोन वेगवेगळ्या बसबारवरून यावेत. बाहेरून येणारे ६६ केव्हीचे दोन स्रोतही शक्यतो वेगळ्या उपकेंद्रांतून, वेगळ्या रस्त्यांनी यावेत. दोन केबल एकाच चरात टाकल्या, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो.

संशोधकाची तक्रार बहुधा वीज गेल्याची नसते. दहा-पंधरा मिनिटे वीज गेली तर जनरेटर असतो. संशोधकाचे नुकसान करतो तो दाबाचा क्षणिक खड्डा: दूरच्या फीडरवर फांदी पडते, ब्रेकर पडून पुन्हा लागतो आणि दशांश सेकंद दाब घसरतो. दिवा फक्त लुकलुकतो. तीन आठवडे चाललेला स्फटिक वाढवण्याचा प्रयोग मात्र संपतो. त्यावर उपाय उपकेंद्रात थोडा आणि प्रयोगशाळेजवळ जास्त असतो, म्हणजे ऑनलाइन यूपीएस. पण यूपीएस, एलईडी आणि मोटारींचे वेगनियंत्रक हेच विजेच्या लहरीत विकृती घालतात, त्यामुळे तार आणि ट्रान्सफॉर्मर जादा तापतात. कपॅसिटर निवडताना हे ध्यानात घेतले नाही तर विकृती उलट वाढते आणि कपॅसिटर फुटल्याच्या घटना घडतात. छतांवरचे सौर पॅनेलही हिशेबात घ्यावे लागतात; दुपारी ते शिखर उतरवतात, वसतिगृहांच्या रात्रीच्या शिखराला त्यांचा उपयोग नाही.

कागदपत्रांचा प्रवास यंत्रांइतकाच लांब. वीज कंपनीकडे अर्ज, तिचा व्यवहार्यता अहवाल, रस्ता खोदण्याची परवानगी, आराखड्याला राज्याच्या विद्युत निरीक्षकाची मान्यता, जनरेटरसाठी प्रदूषण मंडळ. ट्रान्सफॉर्मरची मागणी नोंदवल्यापासून तो यायला कित्येक महिने लागतात, म्हणून त्याची निविदा इमारतीच्या कामाआधी निघाली पाहिजे. यंत्रे तपासण्याबाबत बेंगळुरूची सोय हेवा वाटावी अशी आहे. १९६० मध्ये स्थापन झालेली केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था सी. व्ही. रामन रस्त्यावर, विज्ञान संस्थेच्या शेजारीच आहे आणि देशभरातले ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर व केबल कसोटीसाठी तिथे येतात.

काम पूर्ण झाल्यावर निरीक्षक तपासणी करतो, दोष ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या रिलेंना कृत्रिम दोष देऊन ब्रेकर ठरल्या क्रमाने पडतात का ते पाहिले जाते. दोषाच्या सर्वांत जवळचा ब्रेकर आधी पडावा, नाहीतर एका प्रयोगशाळेतल्या बिघाडाने सगळे आवार बंद पडते. मग ट्रान्सफॉर्मर चार्ज करून काही भार न जोडता निदान एक दिवस चालवतात; आवाज, तापमान, तेलातले वायू तपासतात. भार हलवण्याचे काम सुट्टीत करतात, एका वेळी एकच फीडर, आधी घरे आणि कार्यालये, मग प्रयोगशाळा, आणि सर्वांत शेवटी रुग्णालय. प्रत्येक शटडाऊनची वेळ विभागांना आधी लेखी कळवावी लागते, कारण कुठल्या तरी फ्रीझरमध्ये कोणाचे तरी पाच वर्षांचे नमुने असतात. जुनी ११ केव्हीची जोडणी लगेच काढून टाकत नाहीत. नव्या उपकेंद्राने एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहिल्यावरच ती सोडवली जाते.